लॉजच्या कार्डावर मॅट्रिक

माझी बायको मॅट्रिक झाली ती एका लॉजच्या कार्डावर. हे वाक्य मी आजवर घराबाहेर कधी उच्चारलं नाही. एक तर मला बोलायची सवय कमी. फिरतीच्या धंद्यात दिवसभर दुकानदारांपुढं तोंड चालवून संध्याकाळपर्यंत माणूस मुका होतो. शिवाय ह्या गोष्टीचा मला जेवढा अभिमान आहे, तेवढंच तिचं ओझंही आहे. एक सांगायला गेलं की दुसरं सांगावं लागतं, म्हणून दोन्ही गिळून बसलो होतो. आता पन्नाशी आली. सांगून टाकतो.

महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. अकोल्याच्या एका व्यापाऱ्याकडं मी फिरता विक्रेता होतो. माल म्हणजे कंदील, कंदिलाच्या काचा, वाती, स्टोव्हचे बर्नर आणि पिना. सगळा बुलढाणा जिल्हा माझ्याकडं. घर साखरखेर्ड्याला, पण महिन्यातले बरेच दिवस अंगाखाली परकी गादी. कुठल्या गावी कसा मुक्काम करायचा हे मला तोंडपाठ झालं होतं. मलकापूरला स्टेशनजवळच्या लॉजवर खाट भिंतीपासून हातभर लांब ओढून घ्यायची, कारण ढेकूण भिंतीतून यायचे. देऊळगाव राजाला गरम पाणी मिळायचं, पण आचाऱ्याला आदल्या दिवशी गोड बोलून ठेवलं तरच. वडनेर भोलजीला लॉज नव्हतं, तिथं एक किराणावाला आपल्या ओट्यावर खाट टाकून द्यायचा आणि सकाळी चहाबरोबर ऑर्डरही द्यायचा. नवीन विक्रेते मला असल्या गोष्टी विचारायला येत. ह्या एकाच विषयात मला कोणी काही विचारत असे, म्हणून मीही सांगताना जरा ताठ बसायचो.

चिखलीला मात्र लॉजचा प्रश्नच नव्हता. तिथं मावशी होती.

आई गेली तेव्हा मी फार लहान होतो. मावशीनं मला वाढवलं, शिकवलं, लग्नही तिनंच लावून दिलं. गावाच्या कडेला तिचा भाजीचा मळा आणि मळ्याला लागूनच घर. मी चिखलीच्या स्टँडवर उतरलो की पाय आपोआप तिकडं वळायचे. आणि आमच्याकडं रीतच अशी की ज्या गावात आपलं माणूस आहे, त्या गावात लॉजवर राहणं म्हणजे त्या माणसाच्या दारावर थुंकणं. हॉटेलात उभ्यानं चहा घेतलेला कळला तरी मावशी दोन दिवस बोलायची नाही.

आमचं लग्न झालं तेव्हा बायकोची नववी झाली होती. तिला मॅट्रिक व्हायचं होतं. हट्ट म्हणून नाही. आमच्या गावच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण टिकत नव्हती. बाहेरून येणारी बाई दोन महिन्यांत बदली करून घ्यायची. शाळेच्या कमिटीतले लोक म्हणाले, गावातलीच कोणी मॅट्रिक पास सून असेल तर आम्ही तिची शिफारस करतो. तेव्हापासून ती चुलीसमोर पुस्तक धरून बसायला लागली. बाहेरून फॉर्म भरला. परीक्षेचं केंद्र चिखलीला आलं आणि आम्ही दोघंही खूश झालो. मावशीचं घर होतं ना!

ती परीक्षा मावशीच्या मायेनं बुडवली.

सून पहिल्यांदाच मुक्कामाला आलेली. पहिल्या दिवशी सगळी गल्ली तिला बघून गेली. दुसऱ्या दिवशी ओटी. तिसऱ्या दिवशी पुरण. मग मळ्यात भरीत-भाकरी, कारण सुनेनं मळा पाहिला नव्हता. बायको पुस्तक उघडायची तोवर कोणीतरी म्हातारी तिच्यासमोर येऊन बसायची आणि मावशी कौतुकानं सांगायची, "आमची सून मॅट्रिकले बसून राह्यली." गणिताच्या आदल्या संध्याकाळी मावशीनं कासाराला बोलावलं आणि गल्लीतल्या पंधरा बायांसमोर तिच्या हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरल्या. बाया जेवूनच उठल्या. ताटं घासताना सुनेनं नुसतं बसून कसं राहायचं? दुसऱ्या दिवशी पेपर लिहिताना त्या बांगड्या इतक्या वाजत होत्या की पुढच्या बाकावरच्या मुलीनं दोनदा वळून पाहिलं, असं बायकोनं मला नंतर सांगितलं. हसत सांगितलं. निकालात मात्र गणित राहिलं, म्हणजे सगळेच पेपर पुन्हा.

मावशी म्हणाली, "जाऊ दे ना वं माय. नववी काय कमी हाय?"

बायको मला घरी आल्यावर म्हणाली, "अजून एक डाव बसते. पण मावशींच्या घरून नाही बसत. त्यांनी काही वाईट नाही केलं हो. त्यांच्या घरी मले 'नाही' म्हणता येत नाही, एवढंच."

तिथंच सगळं अडलं. चिखलीत राहायचं आणि मावशीकडं नाही, तर कुठं?

त्याच सुमारास स्टँडजवळ एक नवीन लॉज निघालं होतं. समोरच एक जुनं लॉज होतं, त्यामुळं नव्या शेठजींना गिऱ्हाईक ओढायचं होतं. त्यांनी एक शक्कल काढली. प्रत्येक मुक्कामाला एका गुलाबी कार्डावर जांभळा शिक्का. आठ शिक्के झाले की एक रात्र आणि दोन वेळचं ताट फुकट. विक्रेते हसायचे. "आठ रात्री ढेकणांना रक्त द्यायचं तेव्हा नववी फुकट," असं एक औषधवाला म्हणायचा आणि कार्ड उशीखाली विसरून जायचा. कार्डावर नाव लिहायची पद्धत नव्हती. मी ते कार्ड हातात घेऊन बराच वेळ बघत बसलो. माझ्या डोक्यात बायकोच्या परीक्षेचे दिवस फिरत होते. फिरतीवरच्या मुक्कामाचं भाडं व्यापारी द्यायचे, पण तेवढ्या रात्रींचं भाडं खिशातून द्यायची माझी ऐपत नव्हती.

त्या दिवसापासून मी मावशीकडं मुक्काम करणं बंद केलं. तिला सांगितलं की आता लॉजवरच राहायचा कंपनीचा नियम झालाय.

"कंपनीले काय मावशी नसते?" ती म्हणाली. पण नियम म्हटल्यावर तिचा इलाज चालेना. मी दुपारी जेवायला जायचो, संध्याकाळी लॉजवर परत यायचो, आणि तिच्या गल्लीच्या तोंडाशी आलो की दर वेळी मान खाली जायची.

शिक्के जमवण्यात मात्र मी माझी सगळी अक्कल लावली, आणि ते आठवलं की आजही मला बरं वाटतं. शेठजी अमावास्येला दोन शिक्के द्यायचे. अमावास्येला कोणी दुकानदार नवा सौदा करत नसे, त्यामुळं विक्रेते त्या दिवशी घरी राहायचे आणि खोल्या ओस पडायच्या. पितृपक्षातही तसंच. मी माझी सगळी फिरती उलटी केली. खामगाव, नांदुरा, मलकापूर आधी उरकायचं आणि अमावास्येला चिखलीत पोचायचं. अकोल्याचे आमचे व्यापारी चक्रावले. "ह्या बाबाले अमावास्येलेच चिखली काऊन लागते?" असं त्यांनी दुसऱ्या एका विक्रेत्याला विचारलं होतं म्हणे. औषधवाल्याकडून त्याची कार्डं मागून घेतली. मागताना लाज वाटली, पण त्यानं हसत दिली आणि नंतर स्वतःहून आणून द्यायला लागला. पाऊस असो, ताप असो, शेवटच्या बसचं चाक फुटून चालत यावं लागो, शिक्का चुकवला नाही. वर्षभरात नऊ रात्री जमल्या.

कार्डांचा गठ्ठा घेऊन मी शेठजींच्या गल्ल्यापुढं उभा राहिलो. त्यांनी एकेक कार्ड उलटून पाहिलं.

"नऊच्या नऊ एकदम?"

"एकदम. आणि लागोपाठ."

"अहो साहेब, हे दिवस लग्नसराईचे. एकेक खोली वऱ्हाडवाले हातात नारळ घेऊन मागतात. कार्ड काय ह्यासाठी काढलं होतं? एखादी रात्र माणसानं मजेत घ्यावी, चार लोकांना सांगावं."

"कार्डावर लग्नसराई सोडून असं कुठं लिहिलंय?"

ते हसले नाहीत. कार्डं माझ्याकडं सरकवली. मग मी कारण सांगितलं. परक्या माणसाला घरातली गोष्ट सांगायची माझी ती पहिलीच वेळ. बांगड्यांपर्यंत सगळं सांगितलं. शेठजी कान खाजवत ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "स्वयंपाकघराच्या वरची खोली देऊ नका रे ह्यांना, भांडी वाजतात. मागची द्या." कोणाला सांगत होते कळलं नाही, तिथं आम्ही दोघंच होतो. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "पण ताट एकच हं. कार्डावर एकच ताट आहे."

मावशीला मी सांगितलं की ह्या वेळी केंद्र खामगावला आलंय. ती म्हणाली, "असं कसं रे? एवढ्या लांब पोरीले कोण पाहीन?" मी म्हटलं, मी आहे ना. हे तिच्या डोळ्यांकडं न बघता म्हटलं.

आम्ही स्टँडच्या अलीकडंच बसमधून उतरलो. बायकोनं पदर कपाळापर्यंत ओढला. मागची खोली लहान होती, एक खाट, एक टेबल, खिडकीतून कापसाच्या गाड्यांचं मैदान दिसायचं. ती टेबलाजवळ बसली ती बसलीच. जेवायच्या वेळी वाढपी ताट घेऊन वर यायचा. मी ताट तिच्यापुढं ठेवून स्टँडवर भजी खायला जायचो. पहिल्या दिवशी तिनं वरणात बोट घालून पाहिलं आणि म्हणाली, "गरम हाय." मग काही वेळानं म्हणाली, "बसल्याजागी गरम ताट मी आजारी पडल्यावरही खाल्लं नाही हो." पहिले काही पेपर चांगले गेले. शाळेत जाताना आम्ही बाजाराच्या मागून जायचो. मी दहा पावलं पुढं, ती मागं. पेपर सुटला की मी झाडाखाली उभा असायचो, आणि फाटकातून येताना तिच्या चालीवरूनच मला कळायचं.

एक गोष्ट आम्ही धरलीच नव्हती. मावशीच्या गल्लीतली एक मुलगी त्याच वर्गात परीक्षेला होती.

गणिताच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, मी खोलीबाहेर व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. आत बायको भूमितीची प्रमेयं पुटपुटत होती. जिन्यावर पावलं वाजली आणि मावशी वर आली. एका हातात पितळी डबा, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीतून नारळाची शेंडी वर आलेली.

"काऊन रे," ती म्हणाली, "खामगाव चिखलीत आलं काय?"

मी उभा राहिलो. ती माझ्याकडं न बघता बंद दाराकडं निघाली.

"सरक. दोन घास चारते पोरीले. उपाशी लिहीन का उद्या?"

आणि मी सरकलो नाही. दारासमोर उभा राहिलो. आयुष्यात मी मावशीला कशालाच नाही म्हटलं नव्हतं, नोकरीला नाही, लग्नाला नाही.

"मावशी, आज नको."

"काय नको?"

"आत नको जाऊस. उद्या पेपर झाला की मी स्वतः तिले घेऊन येतो."

"मी काय गणित पुसाले आली का? पाच मिनिटं बसते म्हटलं."

"तुझी पाच मिनिटं मागच्या साली आठ दिवस चालली." एवढ्यावर थांबायला हवं होतं. थांबलो नाही. "तुझ्या पाहुणचारानं ती नापास झाली, मावशी."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग तिची नजर खाली गेली, दाराच्या उंबऱ्यापाशी, आणि तिथंच बराच वेळ राहिली. मला वाटलं ती रडते आहे. पण ती वळली, डबा-पिशवी तशीच घेऊन जिना उतरली. खाली शेठजींनी पाणी विचारलं ते मला ऐकू आलं, तिनं काय उत्तर दिलं ते आलं नाही. मी कठड्यावरून पाहिलं तर ती रस्ता ओलांडून भरभर चालली होती. आईची बहीण, माझ्या दारावरून भरला डबा घेऊन परत.

थोड्या वेळानं आतून बायकोचा आवाज आला, "कोण होतं हो?"

"शेजारच्या खोलीतले," मी म्हटलं.

ती पुन्हा पुटपुटायला लागली.

त्या रात्री मला झोप आली नाही. पण खरं सांगायचं, आणि आता खरंच सांगायचं ठरवलंय, तर त्या जाग्या रात्रीतही छातीत काहीतरी ताठ उभं होतं. मी दार अडवलं होतं. कोणासाठी तरी, एकदाच का होईना, मी जागचा हललो नव्हतो. अपराध आणि अभिमान एकाच गादीवर इतके चिकटून झोपतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

ती पास झाली. गणितात नुसती काठावर नाही, चांगल्या मार्कांनी. जून लागल्यावर निकालाचं वर्तमानपत्र मी मेहकरच्या स्टँडवर पाहिलं आणि नंबर सापडल्यावर शेजारच्या अनोळखी माणसाला दाखवला. त्यानंही बोट ठेवून वाचला आणि "वा!" म्हणाला. दिवाळीनंतर तिला शाळेत घेतलं. पुढं ट्रेनिंग झालं. आज ती त्याच शाळेत मुख्याध्यापिका आहे. गावातल्या अर्ध्या लेकींना पाढे तिनं शिकवलेत. रस्त्यानं तिच्यासोबत चाललो की लोक आधी तिला नमस्कार करतात, मग माझ्याकडं बघून, "हे बाईंचे..." असं काहीतरी म्हणतात. मला ते वाक्य कधी पुरं करून घ्यावंसं वाटलं नाही. शेठजींनी तर कमालच केली. मागच्या खोलीला ते 'मॅट्रिकची खोली' म्हणायला लागले आणि परीक्षेच्या दिवसांत तिच्यासाठी लोक आधी चिठ्ठी पाठवू लागले. कार्डाची योजना मात्र त्यांनी बंद केली. "तुमच्यासारखा अजून एक आला तर लॉज विकावं लागेल," म्हणाले.

पेढे घेऊन मी पहिल्यांदा मावशीकडंच गेलो होतो आणि कार्डाचं खरं सांगून टाकलं. तिनं पेढे घेतले, गल्लीत घरोघरी स्वतः फिरून वाटले, आणि मला म्हणाली, "बसा ना लॉजवाले साहेब. का इथं बसाले कार्ड लागते?" तेव्हापासून ती मला लॉजवालेच म्हणते. सगळ्यांसमोर म्हणते. त्या संध्याकाळबद्दल मात्र ती कधी बोलली नाही. बायकोला तिनं काही सांगितलं नाही, मीही नाही. तिघं इतकी वर्षं एकमेकांच्या घरी गेलो, जेवलो, हसलो, आणि दर वेळी मावशीनं ताट पुढं केलं की मला तो पितळी डबा आठवायचा.

परवा हे लिहायला बसलो आणि तिथंच अडकलो. उठून बायकोला सगळं सांगितलं. ती वह्या तपासत होती. लाल पेन खाली न ठेवताच म्हणाली, "माहीत हाय मले."

"काय माहीत आहे?"

"त्यांचा आवाज ओळखू येणार नाही का? मी उठली होती. कडीवर हात होता माझा." मग तिनं पेन ठेवलं. "कडी काढली असती तर पाया पडावं लागलं असतं. मग ओटी. मग डबा. त्या गेल्या तेव्हा मी परत प्रमेय लिहाले बसली. तेच दुसऱ्या दिवशी आलं पेपरात. मी तुम्हाले कोणत्या तोंडानं सांगू?"

रविवारी आम्ही दोघं चिखलीला गेलो. मावशी आता मळ्यात जात नाही, ओसरीत बसून मेथी निवडते. बायको तिच्या पायाशी बसली आणि सगळं बोलली, कडीसकट. मी खांबाला टेकून उभा होतो.

मावशीनं मेथीच्या काड्या बाजूला सारल्या. "दाराखाली मोठी फट होती त्या खोलीले," ती म्हणाली. "उजेडात दोन पाय दिसले. दारापाशी आले. थांबले. अन् मंग मागं गेले. मी म्हटलं, हे पोरगी पास होते."

"राग नाही आला?" मी विचारलं.

"आला ना. तुह्या बोलण्याचा अजूनही हाय." तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही, सुनेकडं बघत होती. "पण घरी पोचली तर तुह्या वर्गात पेपर लिहत होती त्या आमच्या गल्लीतल्या पोरीनं साऱ्या गल्लीत सांगून ठेवलेलं, की सून लॉजवर हाय. बाया निघाल्याच होत्या तिकडं, कोणाच्या हातात नारळ, कोणाच्या हातात खण. मी गल्लीच्या तोंडालेच उभी राह्यली. म्हटलं, त्या पोरीले डोळ्यानं कमी दिसते, दुसरी कोणी पाहिली असन. आमची सून खामगावले हाय. जा बायाहो आपापल्या घरी."